ओसरीवरील गोष्टी : चोपड्या ठेवाव्या कोठें ?

मागील अंकांत आम्हीं क्षयतिथीविषयीं लिहिलें होतें. त्यावर वाचकांचीं जीं पत्रें आलीं त्यांचा परामर्श पुढील खेपेस घेऊं. या खेपेचा विषय अगदींच निराळा आहे, आणि तो आम्हीं आपण होऊन निवडलेला नाहीं. तो दोन महिने आमच्या ओसरीवर ठाण मांडून बसला होता. ज्या घरांतील मुलांच्या धंद्याच्या चोपड्या कागदावर नसून यंत्रांत असतात, त्या घरीं तो आज ना उद्यां येणारच. म्हणून आमच्या घरीं काय झालें तें सांगितल्यास वाचकांस अगदींच निरुपयोगी होणार नाहीं, अशी आशा आहे.

आमचें भिवापूर हें मिरचीचें गांव. हंगामांत नागपुराहून उमरेडवरून इकडे येऊं लागलें म्हणजे तांबड्या मिरचीचे सातरे व देठ खुडीत बसलेल्या बायकांच्या रांगा दिसूं लागतात, आणि नवख्या माणसास गांव येण्यापूर्वींच शिंका येऊं लागतात. भिवापुरी मिरचीस आतां सरकारी भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे. आमच्या घराण्याचा मिरचीशीं संबंध मात्र खाण्यापुरता व हिशेबापुरता. आम्ही जन्मभर शाळेंत राहिलों. आमचे धाकटे बंधु व्यापाऱ्यांचे जमाखर्च लिहीत असत. ते २०१६ सालीं वारले. त्यांचे दोघे चिरंजीव नागपुरांत राहून तोच धंदा यंत्रांवर करतात. त्यांची आई, म्हणजे आमची धाकटी भावजय, आमच्याबरोबर भिवापुरास असते.

प्रारंभीं या दोघांचा सर्व्हर नागपुरांतील त्यांच्या भाड्याच्या कचेरींत एका कोनाड्यांत असे. सर्व्हर म्हणजे ज्या एका यंत्रांत सर्व व्यापाऱ्यांच्या चोपड्या राहतात व जेथून त्या ज्याच्या त्याच्या दुकानीं दिसतात, तें यंत्र. २०१९ च्या मे महिन्यांत, पारा ४५ च्या वर असतां, एके रविवारीं वीज गेली व दोन तासांनीं आली. वीज आल्यावर सर्व्हर आपोआप चालू झाला, परंतु खोली गार करणारें यंत्र चालू झालें नाहीं. तें हातानें चालू करावें लागे, आणि त्या दिवशीं कचेरींत कोणी नव्हतें. सोमवारीं सकाळीं दार उघडलें तेव्हां खोली भट्टीसारखी तापली होती व सर्व्हरांतील दोन्ही तबकड्या निकामी झाल्या होत्या.

प्रत होती. रोज रात्रीं अकरा वाजतां सर्व चोपड्यांची प्रत दुसऱ्या तबकडीवर उतरत असे, व तशी नोंदहि यंत्र रोज करीत असे. ती प्रत उघडून पाहिली तों आंत कांहींच नाहीं ! आठ महिन्यांपूर्वीं केव्हां तरी कोणीं तरी एका फोल्डराचें नांव बदललें होतें. त्या दिवसापासून यंत्र मोठ्या नेमानें रिकाम्या जागेची प्रत काढीत होतें आणि ‘काम पूर्ण झालें’ अशी नोंद करीत होतें. आम्हीं शाळेंत असे विद्यार्थी पुष्कळ पाहिले आहेत. यंत्र पाहण्याचा तो पहिलाच प्रसंग.

त्या वेळीं गिऱ्हाईक चौदा होते. त्यांचीं आठ महिन्यांचीं बिलें पोत्यांत भरून भिवापुरास आलीं. शाळेला सुटी होती, म्हणून घरचीं सर्व मुलें हाताशीं होतीं. भावजय बिलें तारखेवारीनें लावी, आम्ही व आमची पत्नी मोठ्यानें वाचीत असूं, आणि मुलें पाळीपाळीनें यंत्रावर टंकीत असत. हें तेवीस दिवस चाललें. इतकें करूनहि चौदांपैकीं तीन व्यापारी सोडून गेले. त्यांस आम्हीं कधीं दोष दिला नाहीं. ज्याची चोपडी हरवली त्याला भिण्याचा हक्क आहे.

त्यानंतर ठरलें कीं यंत्र घरीं ठेवावयाचें नाहीं. भावजयीनें आपल्या पाटल्या मोडल्या, दोन नवे सर्व्हर आले, आणि २०२० च्या आरंभीं ते नवी मुंबईंतील एका यंत्रगृहांत भाड्याच्या जागीं नेऊन ठेवले. या व्यवस्थेस कोलोकेशन म्हणतात. नांव भारदस्त असलें तरी गोष्ट आमच्या गांवच्या माणसास नवी नाहीं. व्यापारी आपलीं मिरचीचीं पोतीं शीतगृहांत ठेवतो. पोतें त्याचें, मिरची त्याची, शीतगृहवाल्याची केवळ थंडी व राखण. पोत्यामागें भाडें द्यावें, आणि पाहिजे तेव्हां आपलें पोतें उघडावें. मिरचीस बुरशी आली तर तो दोष शीतगृहवाल्याचा नव्हे. यंत्रगृहाचेंहि तसेंच आहे. वीज, गारवा, कुलूप व तारा त्यांच्या. यंत्र आपलें, आणि यंत्राचा आजारहि आपला.

तें यंत्रगृह आम्हीं एकदां थोरल्या पुतण्याबरोबर जाऊन पाहिलें आहे. ठाणें-बेलापूर मार्गावर रबाळें, महापे या बाजूस अशीं गृहें बरींच झालीं आहेत. त्याचें कारण असें कीं समुद्राच्या तळांतून येणाऱ्या परदेशच्या ज्या तारा, त्यांतील पुष्कळ मुंबईच्या किनाऱ्यास लागतात. बाहेरून इमारत एखाद्या गोदामासारखी. खिडकी म्हणून नाहीं. आंत जावयाचें तर सरकारी ओळखपत्र, मग अंगठा, मग एका वेळीं एकच माणूस जाईल अशी झडप. पुढें उंच कपाटांच्या रांगा. कपाटास रॅक म्हणतात, आणि त्याची उंची ‘यू’ या मापानें मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, व पुऱ्या कपाटांत असे ४२. दोन रांगांमधील एक गल्ली थंडगार, तिच्या मागची गरम; थंड गल्लींतली हवा यंत्रें तोंडानें ओढतात व पाठीनें गरम गल्लींत टाकतात. प्रत्येक यंत्रास विजेच्या दोन वाटा, एक बंद पडली तरी दुसरी चालू. वीज गेली तर पहिल्या क्षणापासून बॅटऱ्या, आणि तेवढ्यांत डिझेलचीं इंजिनें सुरू होतात. ध्वनि असा कीं पुतणा कानाशीं तोंड आणून बोलला तेव्हां ऐकूं आलें. त्यानें आपलीं दोन यंत्रें दाखविलीं. कपाटांतील चार यू एवढी ती जागा, आणि त्या जागेंत आमच्या भावजयीच्या पाटल्या.

सहा वर्षें तीं यंत्रें बरीं चाललीं. २०२० च्या टाळेबंदींत नागपुरांतील कचेरी बंद असतां सुद्धां व्यापाऱ्यांच्या चोपड्या उघडत होत्या, हा उपकार आम्ही विसरलों नाहीं. परंतु आतां यंत्रें म्हातारीं झालीं, जागेचा करारहि संपत आला, आणि प्रश्न पुन्हां ओसरीवर आला. थोरला म्हणाला, नवीं यंत्रें घेऊं व तेथेंच ठेवूं. नऊ लाख रुपये लागतील. धाकटा म्हणाला, यंत्रें घ्यावयाचींच नाहींत, चोपड्या क्लाऊडांत नेऊं. नऊ लाख रुपये घरांत एकाच ठिकाणीं होते, भावजयीच्या नांवें बँकेंतील ठेवींत. ती ठेव बंधूंच्या पश्चात् झालेली, व तिच्या म्हातारपणाची म्हणून ठेवलेली. मोडलेल्या पाटल्या परत झालेल्या नाहींत, ही गोष्ट कोणी बोलून दाखविली नाहीं, पण ती सर्वांस ठाऊक होती.

क्लाऊड म्हणजे मेघ. तो शब्द ऐकून आम्हांस प्रथम रामटेक आठवलें. रामटेक आमच्याच जिल्ह्यांतलें, आणि कालिदासाच्या यक्षानें ज्या रामगिरीवरून मेघाकरवीं निरोप धाडला तो हाच, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. धूर, पाणी व वारा यांचा बनलेला मेघ निरोप कसा नेणार, ही शंका खुद्द कवीनेंच काढून ठेविली आहे. विरहानें व्याकुळ झालेल्यास तेवढें भान राहत नाहीं, असें त्याचें समाधानहि त्यानेंच दिलें आहे. भावजयीची शंका याहून सरळ होती. ती म्हणाली, “पावसाळा सरला कीं मेघ जातो कोठें, तें आधीं विचारा.”

धाकट्यानें जें सांगितलें व पुढें आम्हीं जें वाचलें, त्यावरून मेघ कोठेंहि जात नाहीं. तो मुळांत आकाशांत नाहींच. तोहि अशाच खिडक्या नसलेल्या इमारतींत राहतो. मायक्रोसॉफ्टनें आपलीं यंत्रगृहें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें उघडलीं, ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस, गूगलनें २०१७ सालीं मुंबईसच. आपल्या सरकारनेंहि सरकारी कामाकरितां २०१४ सालीं असा मेघ केला व त्याचें नांव ‘मेघराज’ ठेविलें, तें मात्र आम्हांस आवडलें. भेद एवढाच कीं या इमारतींतलें यंत्र आपलें नसतें. कोणत्या यंत्रावर आपली चोपडी आहे हेंहि आपणांस कळत नाहीं. जितके तास, किंबहुना जितके क्षण यंत्र वापरलें, जितकी जागा अडविली, जितका मजकूर बाहेर नेला, तितके पैसे महिन्याअखेर. मिरचीचें पोतें शीतगृहांत न ठेवतां लागेल तेव्हां दुकानांतून पावशेर आणावी, तसें हें. शेराचा दर अर्थातच पोत्याच्या दराहून चढा; पण पोतें घेण्यास रोख लागत नाहीं व पोतें सडत नाहीं.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सीडीसी ३६०० हें प्रचंड यंत्र आलें, तेव्हां ज्या संस्थांपाशीं स्वतःचें यंत्र नव्हतें त्यांचें गणित त्यावर होत असे. आयबीएम ही अमेरिकन कंपनी तर आपल्या देशांत यंत्रें बहुधा भाड्यानेंच देई. परकीय चलनाच्या कायद्यावरून सरकारशीं तिचें जमेना, तेव्हां १९७८ सालीं ती येथून निघून गेली, आणि मागें राहिलेल्या यंत्रांची निगा सरकारी सीएमसीस पाहावी लागली. थोरल्यानें हें उदाहरण मोठ्या आवेशानें पुढें केलें. धाकटा म्हणाला, “दादा, यंत्रें तर मागेंच राहिलीं ना ? म्हणजे अडचण यंत्राची नव्हती, तें दुरुस्त करणाऱ्या माणसाची होती.” हें उत्तर आम्हीं त्या वेळीं नुसतें ऐकून घेतलें, त्याचें वजन पुढें कळलें.

दोघांनीं मग जगभरचीं उदाहरणें आणलीं. शिकागोच्या ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ या कंपनीचें मेघाचें बिल २०२२ सालीं वर्षाला सुमारें ३२ लाख डॉलर होतें. तिनें पुढच्या वर्षीं सुमारें ७ लाख डॉलरांचीं यंत्रें विकत घेऊन भाड्याच्या जागीं ठेविलीं, आणि २०२४ पर्यंत बिल १३ लाखांवर आलें. ड्रॉपबॉक्स कंपनीनें आपला बहुतेक माल ॲमेझॉनकडून काढून स्वतःच्या यंत्रांवर आणला, व दोन वर्षांत ७ कोटी ४६ लाख डॉलर वांचले असें २०१८ सालीं सरकारदरबारीं लिहून दिलें. हीं थोरल्याचीं. धाकट्यानें नेटफ्लिक्स पुढें केली. २००८ सालीं तिची मुख्य चोपडी बिघडून तीन दिवस धंदा अडला, त्यावरून तिनें सर्व कारभार मेघांत नेण्याचें ठरविलें, व तें काम २०१६ च्या जानेवारींत पुरें झालें.

आम्हीं दोघांसहि एकच प्रश्न केला. या कंपन्यांत यंत्रें सांभाळणारे किती लोक आहेत ? थोरला हंसला, कारण आमच्या घरीं तो एकटाच आहे. ज्याच्यापाशीं जाणत्या माणसांची तुकडी आधींच पगारावर आहे, ज्याचें काम प्रचंड आहे आणि बाराहि महिने सारखें आहे, त्यास स्वतःचीं यंत्रें परवडतात, हें थर्टीसेव्हन सिग्नल्सच्या आंकड्यांवरून सिद्ध होतें. दोन यंत्रांच्या धंद्याविषयीं त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. आमच्या मुलांचें काम सारखेंहि नाहीं. महिन्याच्या २० तारखेस जीएसटीचें विवरण जावयाचें, म्हणून आधीचे चार दिवस यंत्रांस श्वास घेण्यास फुरसत नसते, आणि २१ तारखेपासून तीं जवळजवळ रिकामीं असतात.

आतां आंकडे. नऊ लाखांचीं यंत्रें पांच वर्षें चालतील असें धरलें तर महिन्यास १५,००० रुपये. जागा व वीज १२,०००. तारांचें भाडें, आणि तेथील माणसाकडून एखादी कळ दाबून घ्यावी लागते त्याची मजुरी, मिळून ४,०००. एकूण ३१,०००. मेघाचा पहिला अंदाज धाकट्यानें आणला तो ५२,००० चा ! थोरल्यानें विजयी मुद्रेनें आमच्याकडे पाहिलें. परंतु धाकट्यानें चार दिवस बसून तो पुन्हां मांडला. सरावाचें यंत्र रात्रीं व रविवारीं बंद ठेवावें, मोठें यंत्र महिन्यांतून केवळ पांच दिवस घ्यावें व इतर दिवशीं लहान, आणि जें बाराहि महिने लागणारच त्याचा वर्षाचा करार करून सूट घ्यावी. अशा रीतीनें आंकडा ३७,००० वर आला. जीएसटी दोहोंकडे शेंकडा १८, व त्याची वजावट मिळते. सबब ती सोडून दिली. अंतर उरलें महिन्यास ६,०००, म्हणजे पांच वर्षांचे ३,६०,०००.

येथें आमच्यांतला मास्तर जागा झाला. आम्ही म्हणालों, नऊ लाखांच्या ठेवीस शेंकडा सात व्याज धरलें तर वर्षाचे ६३,००० बुडतात, महिन्याचे ५,२५०. तेव्हां अंतर जवळजवळ मिटलें. थोरल्यानें आमची चूक दाखविली. “मोठे बाबा, १५,००० दरमहा धंद्यांतून परत काढून ठेवावयाचे, हें आपण धरलेंच आहे. मुद्दल परत येत जातें. व्याज सरासरी निम्म्यावर धरावयास पाहिजे.” खरें होतें. निम्म्यावर २,६२५. अंतर उरलें सुमारें ३,४०० रुपयांचें, आणि तें थोरल्याच्या बाजूचें. आम्हीं तें कबूल केलें व वहीत तसें लिहिलें. मात्र पहिल्या यंत्रांचे पैसे असे दरमहा काढून ठेवले होते काय, असें आम्ही विचारणार होतों. तें विचारलें नाहीं, कारण भावजय तेथेंच बसली होती.

मग तीच बोलली. तिनें विचारलें, “रात्रीं यंत्र बंद पडलें तर जातो कोण ?”

कोणी उत्तर दिलें नाहीं. २०२३ सालीं बंधूंच्या श्राद्धाच्या आदल्या रात्रीं एका सर्व्हरची तबकडी गेली. दुसरीहि आचके देऊं लागली. तेथील माणसास सांगून ती बदलतां आली असती, पण नवी तबकडी नागपुरांत, यंत्र नवी मुंबईंत, मध्यें आठशें किलोमीटरांहून अधिक अंतर, आणि २०१९ ची भीति मनांत. थोरला त्याच रात्रीं गाडींत बसला. श्राद्ध धाकट्यानें केलें. पंक्तीला थोरला नव्हता याबद्दल भावजय त्या दिवशीं एक अक्षर बोलली नाहीं, आणि पुढेंहि नाहीं, तें त्या दिवशीं ओसरीवर एवढ्या एका प्रश्नांत बोलली. ३,४०० रुपयांत काय काय येतें याचा हिशेब आम्हीं तेथें थांबविला.

मेघांतहि यंत्रें मरतातच; पण मेलेलें यंत्र बदलणें हें त्यांचें काम, आपल्या माणसास गाडींत बसावें लागत नाहीं. याचा अर्थ मेघ बंद पडत नाहीं असा नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरांत ॲमेझॉनच्या अमेरिकेंतील व्हर्जिनिया येथील गृहांत नामसूचीचा घोटाळा झाला आणि जगभर कित्येक सेवा तासन् तास अडल्या. त्या वेळीं बसून राहण्यावांचून गिऱ्हाइकास दुसरें कांहीं करतां येत नाहीं. थोरला म्हणाला, “माझें यंत्र बंद पडलें तर निदान मला कांहीं करतां तरी येतें.” स्वभावानें त्याचें हें दुःख अधिक मोठें आहे, आणि तें आम्ही समजूं शकतों.

धाकट्याच्या बाजूची लबाडीहि सांगितली पाहिजे. लबाडी म्हणजे त्याची नव्हे, त्याच्या यंत्राची. वादाच्या भरांत त्यानें एक मोठें यंत्र नमुन्यादाखल आठ दिवसांसाठीं घेतलें व बंद करावयास विसरला. महिन्याअखेर २३,००० रुपयांचें बिल आलें. कंपनीनें अर्धे खर्चावर गेल्याची सूचना टपालानें पाठविली होती. ती त्यानें उघडली नव्हती. खर्चाची मर्यादा घातली म्हणजे यंत्र त्या मर्यादेवर आपोआप थांबतें असा त्याचा समज होता. तसें नाहीं, सूचना मिळते, यंत्र चालूच राहतें. शिवाय दरपत्रक डॉलरांत असतें, रुपया उतरला कीं आपलें बिल न वापरतांहि चढतें. आणि माल आंत नेण्यास पैसे पडत नाहींत, बाहेर काढण्यास पडतात. जो गिऱ्हाईक कायमचाच निघून जातो त्याच्याकडून हें बाहेर नेण्याचें भाडें घेणार नाहीं असें २०२४ सालीं गूगल, ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट या तिघांनींहि जाहीर केलें, हें बरें झालें. तरी रोजच्या ये-जेचें भाडें आहेच.

इतकें बोलणें झाल्यावर आमच्या लक्षांत आलें कीं २०१९ सालीं जें घडलें तें या दोन्ही व्यवस्थांत पुन्हां घडूं शकतें. फ्रान्समध्यें स्ट्रासबुर्ग येथें २०२१ च्या मार्चांत ओव्हीएच कंपनीचें एक यंत्रगृह जळालें. ज्यांची प्रत दुसऱ्या गांवीं होती ते वांचले. दक्षिण कोरियाच्या सरकारचें देजॉन येथील यंत्रगृह २०२५ च्या सप्टेंबरांत बॅटरींतून आग लागून पेटलें, आणि सरकारी नोकरांच्या ज्या कोठारांत ८५८ टेराबाइट मजकूर होता त्याची बाहेर प्रतच नव्हती. एवढें मोठें कोठार, त्याची प्रत ठेवणें परवडत नाहीं असें म्हणे वाटलें होतें ! आपल्याकडे तर कंपन्यांच्या हिशेबांची प्रत रोज, भारतांत असलेल्या सर्व्हरवर, ठेविली पाहिजे असा नियमच २०२२ सालापासून आहे. मुलांच्या गिऱ्हाइकांत दोन लहान कंपन्या आहेत, त्यांना तो लागू पडतो. नियमांत प्रत ठेवावी असें आहे. ती उघडून पाहावी असें कोणत्याहि नियमांत आम्हांस आढळलें नाहीं.

शेवटीं दोघांनीं निर्णय आमच्यावर टाकला. आम्हीं दिला तो असा. ठेव मोडावयाची नाहीं. चोपड्या मेघांत न्याव्या, मुंबईच्याच गृहांत. मेघांत ठेवण्यापूर्वीं त्यांस आपलें कुलूप घालावें व किल्ली दोघांपाशींहि असावी. रात्रींची प्रत त्याच कंपनीकडे न ठेवतां दुसऱ्या मालकाच्या गृहांत, दुसऱ्या शहरीं जावी. खर्चाची सूचना धाकट्यास न येतां त्याच्या आईच्या फोनवर यावी. नवी मुंबईंतील दोन यंत्रांपैकीं जें बरें आहे तें भिवापुरास आणावें, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं दूरची प्रत त्यावर उतरवून, कोणताहि एक व्यापारी व कोणताहि एक महिना भावजयीनें सांगावा, तो उघडून दाखवावा. प्रत्येक घरीं हाच निर्णय योग्य ठरेल असें आम्ही म्हणत नाहीं. एखादा दवाखाना, ज्याच्या चित्रांचा ढीग रोज वाढतो व एकहि टाकतां येत नाहीं, किंवा एखादी सहकारी बँक, जिच्यापाशीं माणसें आहेत, तिनें आमच्या थोरल्याचें ऐकावें.

थोरला दोन दिवस घुम्यासारखा होता. तिसऱ्या दिवशीं तोच पुढें होऊन म्हणाला कीं चोपड्या हलविण्याचें काम मी करीन, धाकट्याच्या हातीं देणार नाहीं. सहा आठवडे दोन्ही ठिकाणीं चोपड्या समांतर चालविल्या. त्या अवधींत दोन्हीकडचा खर्च सोसावा लागला, हें आमच्या हिशेबांत नव्हतें.

पहिला रविवार गेल्या महिन्यांत झाला. जुनें यंत्र माजघराच्या उत्तरेकडील भिंतीस, जेथें उन्हाळ्यांतहि ऊन पोहोंचत नाहीं, तेथें ठेविलें आहे. त्याचा आवाज मोठा, म्हणून एरवीं तें बंदच असतें. सकाळीं आठ वाजतां प्रत उतरूं लागली, ती बारा वाजून दहा मिनिटांनीं पुरी झाली. मध्यें एकदां वीज गेली तीहि त्यांत आली. जेवणें खोळंबलीं होतीं. भावजयीनें उमरेडच्या एका किराणा व्यापाऱ्याचा आश्विन महिना मागितला. तो उघडला, आणि शेवटची बाकी पैशासुद्धां जुळली. मग तिनें भिवापुरांतल्याच एका मिरचीवाल्याचें नांव घेतलें. तो सांपडेना. दोघेहि यंत्रावर वांकले. तो व्यापारी अलीकडेच आलेला. त्याची चोपडी मेघांत होती, चालूहि होती, पण प्रत काढावयाच्या यादींत त्याचें नांव घालावयाचें राहून गेलें होतें. यादी थोरल्यानें केलेली. त्यानें ती तेथेंच दुरुस्त केली, यादीऐवजीं सर्वच चोपड्यांची प्रत निघेल अशी व्यवस्था केली, व मगच तो पानावर बसला.

दुसऱ्या दिवशीं सोमवारीं भावजय बँकेंत जाऊन आली. ठेवीची मुदत भरली होती. ती पुन्हां पांच वर्षांकरितां ठेवून आली आहे, आणि पावती आमच्या कपाटांत, आमच्याच किल्लीखालीं ठेवावयास दिली आहे.